बुधाच्या नावावर

मासवण
४ सप्टेंबर २०२५

सुकाकाका,

नमस्कार. आधीच सांगते, घरी सगळं बरं आहे, पत्र बघून छातीत धस्स करून घेऊ नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मेसेज केला तर तो वाडीवरच्या कुणाकडून तरी वाचून घ्याल, म्हणजे संध्याकाळपर्यंत वैतरणा स्टेशनाला बातमी. ही बातमी तशी नाही. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे, तुमचं तुम्हीच वाचा.

परवा सेंटरवर एक आजोबा आले होते. मी पालघरला मितेशभाईंच्या सेवा केंद्रात बसते ते तुम्हाला माहीतच आहे, दाखले, अर्ज, आधार, दिवसभर तेच. त्यांना त्यांच्या वडिलांचं जुनं बँक खातं शोधायचं होतं. दहा वर्षं ज्या खात्याला कुणी हात लावला नाही त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेकडे जातात, आणि अशी खाती शोधायला एक साइट आहे. नाव आणि जन्मतारीख टाकायची. आजोबांचं काही निघालं नाही. ते गेल्यावर मी आपली गंमत म्हणून बाबांचं नाव टाकलं. बुधा जान्या वरठा. तारीख १ जून, शाळेच्या दाखल्यावरची.

काका, नाव आलं! बोईसरच्या एका बँकेत.

मी तीनदा टाकून बघितलं. तीनदा आलं. मितेशभाई म्हणाले, अगं पोरी, रडतेस काय, पेढे आण.

आईला सांगितलं तर ती आधी चूल फुंकत बसली, जणू ऐकलंच नाही. मग म्हणाली, "तो तर वैतरणेला रेतीवर होता, खाडीतली रेती काढायला. बोईसरला कदी गेला?" मला काय माहीत? बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची. घरात त्यांचा एक फोटो नाही. मतदार कार्डाचे फोटो काढायला आले तेव्हासुद्धा ते गावात नव्हते. गावात जो तो एवढंच सांगतो, बुधा ना, कमावलं ते प्यायला. आणि त्या बुधाचं बँकेत खातं!

तुम्ही दोघं चुलतभाऊ, पण सख्ख्यापेक्षा जास्त. तुम्हाला माहीत असणारच. बाबा बोईसरला कामाला होते का? लगेच कळवा.

तुमची
दीपिका

वैतरणा
११ सप्टेंबर

दीपिका बाय,

पत्र पोचलं. मी बरा हाय. रखमाकाकूचे गुडघे दुखतात, बाकी ती पण बरी. इकडे पाऊस धरूनच हाय, वाडीतल्या दोन केळी आडव्या झाल्या आन मालकाने मला बोल लावला, जशा मीच पाडल्या.

त्या खात्याचं म्हणशील तर तो आपला बुधा नसेल. बुधवारी जन्मला की बुधा, शुक्रवारी जन्मला की माज्यासारखा सुका. आपल्यात घराघरात एक बुधा हाय. आन १ जून तर आश्रमशाळेत मास्तरांनी सगळ्यांनाच लावली, माजी पण तीच. तू उगाच आस लावून बसू नको. आईला पण लावू नको.

बँकेच्या नादी लागलं की दहा कागद मागतात आन अकरावा नाय म्हणून हाकलतात. आपलं नसेल ते आपलं नाय. तुजी नोकरी संबाळ. जेवत जा.

तुजा काका
सुका

मासवण
१६ सप्टेंबर

काका,

घराघरात एक बुधा असेल, पण जान्याचा बुधा एकच, आणि मासवणचा वरठा तर एकच. मी सोमवारी बोईसरला जाऊन आले. आता ऐका.

बँकेत एक बाई आहेत, मॅनेजर. मला वाटलं हाकलतील. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाल्या, खातं २००६ मध्ये उघडलेलं, कंपनीच्या पगाराचं. शेवटचा पगार एप्रिल २००९. पत्ता मासवण, ता. पालघर. आणि रक्कम व्याजासकट एकाहत्तर हजार तीनशे! मी म्हटलं, मॅडम, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं.

तीन वर्षं, काका. कंपनीत तीन वर्षं काम केलं आणि पैसे साठवले. घरी सांगितलं नसेल, कारण सांगितलं असतं तर संपले असते. आईला मी रक्कम सांगितली तेव्हा ती उठून शेजारी रमीकडे गेली. का, तर लग्नाकार्यात दोघींचं वाजलं की रमी नेहमी तिला बोलते, तुझ्या नवऱ्याने काय ठेवलं तुला, बाटल्या? तिला जाऊन सांगून आली, काय ठेवलं ते. वीस वर्षांत मी आईला अशी ताठ चालताना बघितलेली नाही.

आणि दुसरं म्हणजे, मुकादम आला होता, दिवाळीनंतर भट्टीवर किती जण येणार ते विचारायला. आई दरवर्षी जाते. या वर्षी मी त्याला सांगितलं, यादीतून आईचं नाव काढ, नवसी येणार नाही. तिच्या हातांना भेगा पडल्यात, विटा थापून पाठ सरळ होत नाही. बास झालं आता.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून काढते आहे. तुम्ही माझ्याबरोबर बँकेत याल का? कुणी मोठं माणूस बरोबर असलं की बरं वाटतं.

दीपिका

वैतरणा
२४ सप्टेंबर

दीपिका बाय,

मला येता येणार नाय. बोईसरला तर नाहीच. तब्येत ठीक नाय. डोकं गरगरतं.

मी सारखा विचार करतो हाय. तू मुकादमाला नाय का बोललीस? घाई केलीस. आईचं भट्टीवर जाणं वाचवायचं तर मी पाच हजार देतो, माज्याकडे हायेत. दिवाळीला अजून दोन देईन. तेवढ्यात भागवा. ते बँकेतलं सोडून दे. माजं ऐक. काही पैसे नाय घेतले तर माणूस मरत नाय, आन घेतले तर अडकतो.

तू म्हणशील का? का ते पत्रात लिवता येत नाय.

अजून कोणाकोणाला सांगितलंस ते कळव. रमीला सांगायला नको होतं. मितेशभाईला पण नको होतं.

सुका

मासवण
१ ऑक्टोबर

काका,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग मितेशभाईंना दाखवलं. हो, दाखवलं. ते म्हणाले, सेंटरवर हे रोज बघतो मी, मेलेल्याचे पैसे निघाले की जिवंत नातेवाइकांचं डोकं गरगरायला लागतं.

मला ते खरं वाटू द्यायचं नाहीये. म्हणून सरळ विचारते. त्या पैशांत तुमचा काही हक्क आहे का? बाबांनी तुमच्याकडून घेतले होते का? असेल तर सांगा, तुमचे तुम्हाला देईन, कागदावर लिहून देईन. पण असं आडून आडून नका लिहू. माझी शाळेची वही-पुस्तकं तुम्ही आणायचात. माझ्या बारावीच्या निकालाला तुम्ही वैतरणेहून जांभळ्या रंगाचा ड्रेस घेऊन आलात, दोन मापं मोठा. तो माणूस मला हे कसं लिहितो?

माझ्या बापाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा एक चांगली गोष्ट कळली आणि तुम्हाला ती नकोशी झाली. मला हेच समजत नाही.

मंगळवारी, सात तारखेला, मी आणि आई बँकेत जाणार आहोत. तुम्ही या किंवा नका येऊ.

दीपिका

वैतरणा
४ ऑक्टोबर

दीपिका बाय,

मंगळवारी जाऊ नको. पाया पडतो. मी रविवारच्या पुढच्या रविवारी घरी येऊन तोंडाने सांगतो सगळं. तोपर्यंत बँकेत कागद देऊ नको, कशावर सही करू नको, आईला पण करू देऊ नको. मला पैसे नकोत, देवाची शपथ.

हे पत्र वेळेत पोचू दे.

सुका

मासवण
८ ऑक्टोबर

काका, काका, काका,

तुमचं पत्र आज पोचलं, आम्ही जाऊन आल्यानंतर! वाचून मला हसूच आलं. कसली शपथ आणि कसलं पाया पडणं. सगळं नीट झालं. मागच्या पत्रात मी वाकडं लिहिलं त्याची माफी मागते, कान धरते. आता मी कुणावरच रागावू शकत नाही, कारण मी बाबांना बघितलं.

मॅडमनी जुनी फाईल मागवली होती. खातं उघडायचा अर्ज, पिवळा पडलेला, आणि कोपऱ्यात फोटो. मी म्हटलं, मॅडम, मी माझ्या वडिलांना कधी बघितलेलं आठवत नाही, मला याचा फोटो काढू द्या. त्या म्हणाल्या, तसं चालत नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मी काढला.

किती बारीक होते ते! शर्टाचं वरचं बटण लावलेलं, मान अशी ताणलेली, जसं कुणी ओरडलंय, हलू नको. आणि नाक अगदी तुमच्यासारखं, काका. भाऊच शेवटी. आई बाहेर बाकावर बसली होती, तिला दाखवला. तिने खूप वेळ बघितला. मी विचारलं, हेच ना गं? ती म्हणाली, "हा. तोच." आणि पदर तोंडाला लावून रस्त्यावर गेली. मी तिला तसंच सोडलं, रडू दे म्हटलं.

पालघरला येऊन फोटो मोठा करून घेतला, फ्रेम केली, झेंडूचा हार घातला. भिंतीवर आता आमच्याकडे बाबा आहेत. एक प्रत तुम्हाला पाठवते आहे, पत्रातच आहे, दुमडू नका.

आता काम. वारसांचे अर्ज झाले. फक्त बाबांना जवळून ओळखणाऱ्या एका माणसाचं प्रतिज्ञापत्र लागणार आहे, की अर्जावरचा फोटो बुधा जान्या वरठा यांचाच आहे. मी तुमचं नाव दिलं. दुसरं कुणाचं देणार? शुक्रवारी सतराला यायचं, मॅडमसमोर सही करायची. आधार कार्ड आणा. जेवायला घरी चला, आई तुमच्यासाठी सुकटीची चटणी करणार आहे.

तुमची
दीपिका

वैतरणा
१२ ऑक्टोबर

दीपिका,

हा फोटो माजा हाय.

दोन दिवस हे एवढंच लिवून बसलो होतो. आता पुढचं लिवतो. अक्षर समजून घे.

२००६ ला बोईसरला कंपनीत माणसं भरत होते. ठेकेदाराला शाळेचा दाखला पाहिजे होता. तुजा बापूस नववी पास, त्याचं काम झालंच असतं. मी तिसरीत शाळा सोडलेली, मला कोण घेणार? मी रेतीवर जायचो. रेतीवर म्हणजे वैतरणेच्या खाडीत डुबी मारायची, पाण्याखाली जाऊन तळाची रेती बादलीत भरायची आन वर यायचं, दिवसभर. पण त्या वर्षी मी ताडावरून पडलो. छाती बारीक झाली. पाण्याखाली दम पुरेना. रखमा तेवा पोटुशी होती. ते पोर पुढे वाचलं नाय, ते तुला माहीत हाय.

तुजा बापूस बोलला, तू जा कंपनीत, माजा दाखला घे, नाव माजं सांग. मी जातो डुबी मारायला, माजी छाती चांगली हाय. बास, एवढंच. आमाला त्यात गुन्हा वाटला नाय. आपल्याकडे एकाच्या बदली दुसरा रोजावर जातोच, लावणीला जातो, भट्टीवर जातो. काम झालं की झालं, कोण विचारतो कोण आलंय? आमाला वाटलं कंपनी पण तशीच.

ठेकेदाराने माजा फोटो काढला आन तुज्या बापाच्या नावाने खातं उघडलं. मी बुधा अशी सही करायला शिकलो. तीन वर्षं मला सगळे बुधा बोलायचे. रस्त्यात कोणी सुका बोललं तर मी वळायचो नाय. पगारातलं थोडं काढायचो, बाकी ठेवायचो. ते पैसे माज्या मेहनतीचे हायेत, पण एक पैसा तुज्या बापाच्या नावाशिवाय आला नसता. आन त्याला स्वतःला परत कंपनीत जाता येईना. दुसऱ्या कंपनीत गेला तर तोच ठेकेदार, बोलला, बुधा वरठा तर ऑलरेडी कामाला हाय.

एप्रिल २००९ ला कंपनीत टाकी फुटली. दोन माणसं गेली. माजे कान तेवा गेले. तापाने गेले, असं मी गावाला खोटं सांगितलं. दवाखान्यात माज्या खाटेला पाटी होती, बुधा जान्या वरठा, आन पोलीस नावं लिवत फिरत होता. ठेकेदार येऊन तोंड हलवू लागला, मला ऐकू येईना, तेवा त्याने कागदावर लिवून दाखवलं, नाव खोटं निघालं तर दोघे आत जाल. मी दुपारीच तिथून पळालो. त्यानंतर बोईसरला उतरलो नाय. सोळा वर्षं झाली. गाडी बोईसरला थांबली की मी अजून खाली बघतो.

खात्याला हात लावायची भीती वाटली. तुजा बापूस बोलला, राहू दे, थंड झालं की काढू. पुढच्या वर्षी त्याची छाती गेली आन तोच गेला. मेलेल्याच्या नावाने मी कसे काढणार?

आता दारूचं. हे तुला कोणी सांगितलं नसेल. तो पीत नव्हता. डुबी मारणारे पाण्यात उतरायच्या आदी घेतात, थंडीला, त्याशिवाय अंग खाली जात नाय. त्याला ती रेतीवर लागली. माज्या जागेवर. गाव त्याला दारुडा बोलायचं आन मी ऐकून घ्यायचो. मी भ्याड हाय, बाय. तुला वह्या आणल्या, ड्रेस आणला, पण तोंड उघडलं नाय.

तुला तुजा बाप मिळाला म्हणून तू एवढी खूश झालीस आन तो मी निघालो. मला लाज वाटते.

तू बोल काय करू. सही कर बोललीस तर सतराला येतो आन खोटी सही करतो. पुढे जे होईल ते माज्यावर.

सुका

मासवण
२९ ऑक्टोबर

सुकाकाका,

सतराला तुम्ही आला नाहीत, बरं केलंत. मी पण गेले नाही.

मी त्या फोटोला हार घातला, काका. नऊ दिवस रोज दिवा लावला, नमस्कार करून कामाला गेले. जिवंत माणसाच्या फोटोला! रमीला बोलावून दाखवला. सेंटरवर सगळ्यांना मोबाइलमध्ये दाखवला, हे माझे वडील. आणि तुम्हाला माझ्या पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तुम्ही मला केळी आडव्या झाल्याचं लिहीत होता.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला बँकेतच समजलं, सुकाला मी ओळखणार नाय का? मी ओरडले, मग तोच म्हणालीस कशाला? तर म्हणते, "तू एवढी हसत होतीस." मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. आमची दिवाळी अशी गेली.

अर्ज मी परत घेतला. मॅडमनी विचारलं का, मी म्हटलं घरगुती कारण आहे. मी रोज लोकांना प्रतिज्ञापत्रं भरून देते, खाली लिहिलेलं असतं, वरील मजकूर खरा आहे. मला ते माझ्या बापाच्या नावाखाली खोटं लिहायचं नाही. तुम्ही आणि त्यांनी ते अडाणीपणात केलं. मी करेन ते समजून उमजून होईल.

मी घाबरले पण आहे. तुम्हाला पोलीस नेतील म्हणून. राग आहे आणि तरी तेच डोक्यात येतं, याचा अजून राग येतो.

आता मी लिहीपर्यंत लिहू नका.

दीपिका

वैतरणा
६ नोव्हेंबर

दीपिका,

लिवू नको बोललीस तरी लिवतो, कारण हे तुला दुसऱ्याकडून कळू नये.

मी परवा बोईसरला जाऊन आलो. रखमाला सांगितलं, संध्याकाळपर्यंत नाय आलो तर रडू नको, पालघरला दीपिकाकडे जा. स्टेशनवर उतरलो. चहा मागितला आन तसाच टाकला. बँकेत जाऊन मॅनेजर बाईसमोर उभा राहिलो. बोललो, मला ऐकू येत नाय, लिवून आणलं हाय. तुला लिवलं तेच, पाच पानं.

बाईने सगळं वाचलं. मधेच फाईल उघडून फोटो बघितला, मंग मला हाताने खूण केली, वर बघा. मी वर बघितलं. परत फोटो, परत मी. मला वाटलं आता फोन उचलणार. तिने कागद घेतला आन लिवलं, काका, बसा.

मंग लिवून लिवून बोललो. ती लिवते, नाव त्यांचं, फोटो तुमचा, पैसे कोणाचे हे मी ठरवू शकत नाही. तुमचं लिहिलेलं आन मुलीने मागे घेतलेला अर्ज, दोन्ही वर पाठवते. महिने लागतील. मिळतील की नाही सांगता येत नाही. मी विचारलं, पोलीस? तिने लिवलं, मी बँकेत काम करते, माझ्याकडे खात्याचा प्रश्न आला आहे. खाली सही करा. मी सही केली. सुका. त्या बँकेत माजी पहिली.

पैसे आले तर सगळे तुमचे, तसं पण लिवून दिलं. नवसी वयनीला सांग, मी पाया पडतो.

सुका

मासवण
१८ नोव्हेंबर

काका,

मॅडमचा फोन आला होता. मी पण माझं खरं लिहून दिलं. आता वरून येईल ते येईल.

आई सोमवारी भट्टीवर गेली. मुकादमाकडे मीच गेले सांगायला, तो हसला. आईने कापडात भांडी बांधली, ट्रकमध्ये चढली, वरून मला म्हणाली, सुकाला लिही, त्याला सांग नवसी रागावली नाय. म्हणून लिहिते आहे. मी अजून थोडी रागावलेली आहे, पण तुम्ही एकटे बोईसरला उतरलात ते वाचून मी सेंटरच्या मागे जाऊन रडले, तेही खरं.

भिंतीवरचा फोटो काढला. तिथे आता नुसता खिळा आहे आणि घरात मी एकटी. जेवताना सारखं तिकडेच लक्ष जातं. नऊ दिवस मला बापाचं तोंड होतं, आणि आता परत काही नाही. आई जायच्या आधी तिला विचारलं, तर एवढंच म्हणाली, चांगला होता दिसायला.

बँकेचं सोडा. मला पैशांचं काही लिहू नका. बाबा दिसायला कसे होते ते लिहा. तुम्हाला आठवेल ते सगळं.

दीपिका

वैतरणा
२३ नोव्हेंबर

दीपिका बाय,

लिवतो. सावकाश वाच.

उंचीला माज्यापेक्षा चार बोटं जास्त. खांदे रुंद, डुबी मारून अजून झाले. रंगाने तुज्यासारखाच. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, लहानपणी आंब्यावर दगड मारला तो परत येऊन लागला, दगड मीच मारला होता. त्यामुळे हसताना तोंडावर हात धरायचा. डोळे लाल असायचे, खाडीच्या पाण्याने, लोक बोलायचे दारूने. केस सरळ, कधी बसायचे नाय, पाणी लावलं तरी उभेच. तुजे पण लहानपणी तसेच होते, तो तुला मांडीवर घेऊन तेल चोपडायचा आन बोलायचा, हिचं डोकं ऐकत नाय. आवाज मोठा. हाक मारली की खाडीच्या पलीकडे जायची. मला आता कोणाचाच आवाज येत नाय, पण तो कसा होता ते माहीत हाय.

तोंड नीट आठवतं ते एका दिवसाचं. कंपनीचा पहिला दिवस. मला गेट माहीत नव्हतं म्हणून तो सोडायला आला. गेटवर चाळीस माणसं उभी होती, ठेकेदार यादी घेऊन नावं पुकारत होता. मी चार दिवस घोकून आलो होतो, मी बुधा, मी बुधा. ठेकेदार ओरडला, बुधा जान्या वरठा! आन आमी दोघे एकदम बोललो, हाय.

त्याचं ते नावच होतं. तोंडातून निघून गेलं.

ठेकेदाराने यादी खाली केली. कधी त्याच्याकडे बघतो, कधी माज्याकडे. बोलला, दोघांत बुधा कोण? माजं तोंड उघडेना. तुज्या बापाने माज्या पाठीवर हात ठेवला आन मला पुढे ढकललं. तोंडावर हात न धरता हसला, तो तुटका दात सगळ्यांना दिसला.

बोलला, "हा बुधा. मी नुसता सोबत आलोय."

तुजा काका
सुका